विश्लेषण : प्रशिक्षकाला बोलण्याची मुभा मिळाली, तरी ज्युनियर टेनिसपटू कोर्टवर एकटाच का?

टेनिसच्या नियमांत २०२५ पासून मोठा बदल झाला. सामना सुरू असताना प्रशिक्षकाने खेळाडूला सल्ला देणे आता गुन्हा राहिलेला नाही. मात्र १४-१५ वर्षांच्या मुला-मुलींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रशिक्षकाची कसोटी वेगळ्याच ठिकाणी लागते.

मुळशी तालुक्यातील रिहे गावातून घोटावडे, माण, हिंजवडी असे पुण्याच्या दिशेने निघाले, की पुढे म्हाळुंगे-बालेवाडीची श्री शिवछत्रपती क्रीडानगरी लागते. म्हाळुंगे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. त्याआधी तेही रिहेप्रमाणेच मुळशी तालुक्यातील एक गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली, २०१८ ते २०२३ या काळात पुरुषांची एटीपी २५० दर्जाची महाराष्ट्र ओपन झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या बिली जीन किंग चषकाचे आशिया-ओशनिया गटातील सामनेही झाले. थोडक्यात, आंतरराष्ट्रीय टेनिस मुळशीच्या दारात येऊन गेले आहे. पण दारातून आत, म्हणजे कोर्टवर, पोहोचायचे तर वाट कशी असते? समजा, रिहेतील १४ वर्षांची एक मुलगी पहिली आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा खेळायला निघाली आहे. तिच्यासोबतच्या प्रशिक्षकाला त्या आठवड्यात नेमके काय करता येते आणि काय नाही, ते तिच्याच निमित्ताने पाहू.

ज्युनियर स्पर्धांची उतरंड कशी असते?

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ, म्हणजे आयटीएफ, १८ वर्षांखालील खेळाडूंसाठी वर्षभर जगभर स्पर्धांची मालिका चालवतो. पूर्वी तिला ग्रेड १, ग्रेड ५ अशी नावे होती. २०२३ पासून जे-३०, जे-६०, जे-१००, जे-२००, जे-३०० आणि जे-५०० अशी साधी नावे आली. आकडा म्हणजे एकेरीच्या विजेत्याला मिळणारे गुण. सर्वांत वर ज्युनियर ग्रँड स्लॅम. तेथे विजेत्याला १,००० गुण. खेळायला किमान वय १३ वर्षे. लहान वयात मुलांना जुंपले जाऊ नये म्हणून वयानुसार वर्षाला किती स्पर्धा खेळता येतील यावरही बंधन आहे.

क्रमवारी ठरते ती एकेरीतील सर्वोत्तम सहा निकालांवर. त्यात दुहेरीतील सर्वोत्तम सहा निकालांच्या गुणांचा चौथा हिस्सा मिळवला जातो. गुण ५२ आठवडे टिकतात आणि नंतर गळतात. म्हणजे गेल्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण या आठवड्यात पुन्हा मिळवले नाहीत, तर क्रमवारी घसरू शकते.

आपली मुलगी अर्थातच जे-३० पासून सुरुवात करणार. येथे विजेतीला ३० गुण, उपविजेतीला १८ आणि पहिल्या फेरीत हरणारीला काहीच नाही. मुख्य ड्रॉमध्ये ३२ जणी असतील, तर ३१ सामने होतात आणि ३१ जणी हरून घरी जातात. त्यातल्या १६ पहिल्याच फेरीत. हे गणित शाळेतले आहे, पण ते पालकांना आधी कोणी समजावून सांगत नाही. पात्रता फेरीतून यावे लागले तर मुख्य ड्रॉ सुरू होण्याआधीच पराभव पदरी पडण्याची शक्यता. प्रशिक्षकाचे पहिले काम येथूनच सुरू होते : हरणे हा या प्रवासातला अपवाद नसून बहुतेक आठवड्यांचा शेवट आहे, हे मुलीला आणि तिच्याहून जास्त तिच्या आईवडिलांना सांगणे.

नियम ३० मध्ये काय बदलले?

टेनिसच्या नियमावलीतील ३० वा नियम प्रशिक्षणाविषयीचा आहे. खेळाडूशी कोणत्याही प्रकारे, कोणत्याही माध्यमातून केलेला संवाद, सल्ला किंवा सूचना म्हणजे प्रशिक्षण, अशी त्याची व्यापक व्याख्या. वैयक्तिक स्पर्धांत हे अनेक दशके निषिद्ध होते. डोळ्याने केलेली खूणसुद्धा चालत नसे. प्रत्यक्षात खुणा सर्रास होत, पंच कधी पाहत, कधी पाहून न पाहिल्यासारखे करत.

या दुटप्पीपणाचा स्फोट २०१८ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या महिला अंतिम सामन्यात झाला. सेरेना विल्यम्सचे प्रशिक्षक पॅट्रिक मुराटोग्लू यांनी प्रेक्षकांतून हाताने खूण केली म्हणून पंच कार्लोस रामोस यांनी तिला ताकीद दिली. त्यातून वाद वाढत गेला, सेरेनाला पुढे एक गुण आणि एक गेमही गमवावा लागला आणि नाओमी ओसाकाने तो सामना ६-२, ६-४ असा जिंकला. खूण केल्याचे मुराटोग्लू यांनी नंतर मान्य केले. सेरेनाने मात्र आपण सल्ला घेतलाच नाही, असे सांगितले. नियम मोडला प्रशिक्षकाने आणि दंड खेळाडूला, हा पेच तेव्हा जगभर चर्चेत आला.

महिलांच्या डब्ल्यूटीए दौऱ्यावर त्याआधीच प्रशिक्षकाला सेटमागे एकदा कोर्टवर बोलावण्याची सोय होती. पुरुषांच्या एटीपी दौऱ्याने जुलै २०२२ पासून प्रेक्षकांतून सल्ला देण्याचा प्रयोग सुरू केला. त्यातील अटी नेमक्या होत्या. खेळाडू प्रशिक्षकाच्या बाजूच्या कोर्टात असेल तरच शब्दांत सांगायचे, पलीकडे असेल तर फक्त हाताच्या खुणा. तेही दोन-चार शब्द, संभाषण नाही. अखेर १ जानेवारी २०२५ पासून आयटीएफने मूळ नियमच बदलला. आता कोर्टबाहेरून सल्ला देता येतो : दोन गुणांच्या मध्ये, थोडक्यात आणि इतरांना त्रास होणार नाही अशा रीतीने. चेंडू खेळात असताना मात्र तोंड बंद. प्रशिक्षकाने कोर्टवर जाऊन खेळाडूशेजारी बसणे अजूनही फक्त सांघिक स्पर्धांतच चालते.

हा फरक म्हाळुंगे-बालेवाडीत स्पष्ट दिसला होता. बिली जीन किंग चषकात भारतीय संघाचे कर्णधार विशाल उप्पल खेळाडूशेजारी बाकावर बसू शकत होते. १६ वर्षांखालील ज्युनियर डेव्हिस चषकात किंवा १४ वर्षांखालील जागतिक ज्युनियर सांघिक स्पर्धेतही कर्णधार असाच कोर्टवर असतो. जे-३० मध्ये मात्र मुलीशेजारच्या बाकावर पाण्याची बाटली आणि टॉवेल, एवढेच.

नवी मुभा देण्या-न देण्याचा अधिकार स्पर्धेला मान्यता देणाऱ्या संघटनेकडे आहे. म्हणून अनुभवी प्रशिक्षक स्पर्धेचे माहितीपत्रक आधी वाचतात आणि शंका असेल तर पहिल्याच दिवशी रेफरीला विचारतात. ताकीद मिळाल्यावर ‘आम्हाला वाटले चालते’ हे उत्तर कामाला येत नाही.

२५ सेकंदांत काय सांगता येते?

दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद मिळतात. बाजू बदलताना ९० सेकंद, सेट संपल्यावर १२० सेकंद. प्रत्येक सेटमधील पहिल्या गेमनंतर बाजू बदलायची, पण बसायचे नाही. सेट ६-४ असा संपला, तर दहा गेममध्ये बाजू पाच वेळा बदलते. पहिली वगळली तर बसण्याच्या चार संधी, म्हणजे सहा मिनिटे. त्यात घाम पुसणे, पाणी पिणे, केळ्याचा एक घास, रॅकेट बदलणे. उरलेल्या वेळात १४ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात जाईल एवढे किती?

जाणकार प्रशिक्षकांचे उत्तर साधारण सारखे असते. एका वेळी एकच गोष्ट आणि तीही ‘काय करू नको’ अशी नव्हे, तर ‘काय कर’ अशी. ‘डबल फॉल्ट करू नको’ म्हटले की डोक्यात डबल फॉल्टच बसतो. ‘चेंडू उंच टाक’ म्हटले की हाताला काम मिळते. ‘तिच्या बॅकहँडवर’, ‘उंच आणि मधोमध’, ‘पाय हलव’, ‘श्वास घे’ असे दोन-तीन शब्द पुरतात. तंत्रात दुरुस्ती, पकड बदल, खांदा वळव, असले काही सामन्यात सांगणे म्हणजे चालत्या गाडीचे चाक बदलण्यासारखे. मराठीत बोलण्याचा एक फायदाही आहे; चेन्नईची किंवा कझाकस्तानची प्रतिस्पर्धी असेल तर गुपित राहते. समोरची पुण्याचीच निघाली, तर तोही जातो.

या मुभेचा एक तोटा उघड बोलला जात नाही. प्रत्येक गुणानंतर कुंपणाकडे पाहण्याची सवय लागली, की मूल स्वतः विचार करणे थांबवते. गुण गेला, पाहिले. गुण मिळाला, पाहिले. समोरच्या खेळाडूला हे लगेच कळते आणि ती आणखी जोर करते. त्यामुळे काही प्रशिक्षक परवानगी असूनही मुद्दाम गप्प बसतात आणि ते बरोबरच आहे. बोलायचे ते सामन्याआधी ठरवून ठेवायचे, आणि सामन्यात त्या ठरलेल्या गोष्टीची फक्त आठवण करून द्यायची, एवढाच नव्या नियमाचा शहाणपणाने होणारा वापर.

पंच नसताना ‘आउट’ कोण म्हणतो?

दूरचित्रवाणीवर टेनिस पाहणाऱ्यांना हा भाग नवा वाटेल. टीव्हीवर उंच खुर्चीत पंच असतो, रेषेचा निर्णय यंत्र देते. खालच्या दर्जाच्या ज्युनियर स्पर्धांत, विशेषतः सुरुवातीच्या फेऱ्यांत, अनेक सामन्यांना खुर्चीतील पंचच नसतो. काही कोर्ट मिळून एक अधिकारी फेऱ्या मारत असतो. चेंडू आत की बाहेर, हे मुले स्वतः ठरवतात. आपल्या बाजूच्या रेषेचा निर्णय आपण द्यायचा, समोरच्या बाजूचा समोरच्याने.

त्याचे नियम लेखी आहेत आणि ते फार बारकाईने केलेले आहेत. निर्णय चेंडू पडताच, मोठ्याने आणि हाताच्या खुणेसह द्यायचा. शंका असेल तर चेंडू आतच धरायचा, म्हणजे शंकेचा फायदा समोरच्याला. ‘आउट’ म्हणून झाल्यावर चूक लक्षात आली, तर पहिल्या वेळी गुण पुन्हा खेळला जातो. पण समोरच्याचा तो फटका गुण जिंकून देणाराच असेल, किंवा त्याच सामन्यात अशी चूक आधी एकदा झालेली असेल, तर चुकीचा पुकारा करणाऱ्याचा गुण जातो. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी समोरच्याला ऐकू जाईल असा स्कोअर पुकारायचा. समोरचा खोटे पुकारे देतो आहे असे वाटले, तर खेळ थांबवून अधिकाऱ्याला बोलावता येते.

स्कोअरवरून भांडण झाले तर? समजा, आपली मुलगी म्हणते ४०-३०, समोरची म्हणते ३०-४०. बोलता बोलता कळते, की वाद फक्त या गेममधील पहिल्या गुणाचा आहे. बाकीचे चार गुण कोणाचे यावर दोघींचे एकमत आहे, दोन-दोन. मग खेळ ३०-३० पासून पुढे चालतो. ज्यावर एकमत ते राहते, वाद आहे ते वगळले जाते. एखाद्या न्यायालयाला शोभेल असा हा तोडगा आहे आणि तो अंमलात आणायची वेळ येते ती नववीत शिकणाऱ्या दोन मुलींवर, पहिल्या सेटमध्ये ५-५ असताना, भर उन्हात.

येथे कुंपणाबाहेरच्या कोणालाही बोलण्याचा अधिकार नाही. प्रशिक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी चेंडू रेषेवर पडलेला पाहिला असला तरी त्याचे मत ग्राह्य नाही. पालकांचे तर नाहीच. नवा नियम डावपेचांचा सल्ला देऊ देतो, निर्णयात हात घालू देत नाही. म्हणून सामन्याबाहेर शिकवण्याच्या यादीत फोरहँड-बॅकहँडच्या बरोबरीने ‘अधिकाऱ्याला कधी बोलवायचे’ हेही यायला हवे. महाराष्ट्रातल्या, त्यातही गावाकडून आलेल्या मुलींना मोठ्या आवाजात ‘आउट’ म्हणायला, खेळ थांबवून तक्रार करायला संकोच वाटतो. भांडखोर दिसू नये ही घरची शिकवण. सराव सामन्यांत मुद्दाम चुकीचे पुकारे देऊन मुलांना हात वर करायला शिकवणारे प्रशिक्षक आहेत. इंग्रजीतील पाच-सहा वाक्येही पाठ करून घ्यावी लागतात, कारण अधिकारी परराज्यातला किंवा परदेशातला असू शकतो आणि घाबरलेल्या मुलीला नेमक्या वेळी शब्द सापडत नाहीत.

उलट बाजूही आहे. स्वतःच्या खेळाडूने रेषेवरचा चेंडू ‘आउट’ दिला आणि प्रशिक्षकाने ते पाहिले. सामना जिंकला. त्या संध्याकाळी तो काय बोलतो, यावर त्या मुलीचे पुढचे बरेच काही ठरते. ज्युनियर दौरा लहान आहे, तीच मुले दर आठवड्याला भेटतात आणि कोण कसे पुकारे देते ही माहिती क्रमवारीपेक्षा वेगाने फिरते.

वागणुकीचे दंडही ठरलेले आहेत. रॅकेट आपटणे, शिवी देणे, चेंडू रागाने भिरकावणे यासाठी आधी ताकीद, मग एक गुण, मग एक गेम आणि प्रकरण गंभीर असेल तर थेट सामन्यातून बाद. ज्युनियर दौऱ्यावर त्याशिवाय निलंबनाचे गुणही साठत जातात आणि ठरावीक मर्यादा ओलांडली, की काही काळ खेळता येत नाही.

प्रशिक्षकाचा दिवस कसा जातो?

जास्त करून धावपळीत. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी लागतो. पहिला सामना सकाळी ठरलेल्या वेळी, त्यानंतरचे ‘त्यामागून’. म्हणजे आपल्या मुलीचा सामना तिसरा असेल, तर तो बाराला सुरू होईल की अडीचला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आधीचा सामना ६-१, ६-० असा आटोपला तर घाई, तीन सेट चालला तर ताटकळणे. या अनिश्चित वेळेत खायचे कधी, किती, शरीर गरम कधी करायचे, हे ठरवणे हीच खरी कसरत. पोळी-भाजी सामन्याच्या अडीच-तीन तास आधी, मग केळे, खजूर, चिक्की असे थोडे थोडे. मिठाचे पाणी सकाळपासूनच. सामना पुढे गेला म्हणून वडापाव खाल्ला, तर दुसऱ्या सेटमध्ये त्याची किंमत मोजावी लागते.

सरावासाठी कोर्ट मिळते ते नोंदणी करून, थोड्याच वेळासाठी आणि बहुधा आणखी दोघा-चौघांसोबत वाटून. त्याआधी रॅकेटचे गटिंग. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. हवा थोडी विरळ असल्याने मुंबई-चेन्नईहून आलेल्यांचा चेंडू येथे जरा जास्त उडतो, लांब जातो. म्हणून बाहेरची मुले येथे आली की गट थोडी घट्ट करून घेतात. मुळशीची मुलगी मुंबईत खेळायला गेली, तर तिला याच्या उलट अनुभव येतो : फटका तोच, पण चेंडू जाळीत. पहिल्या दिवसाचा सराव बराचसा याच हिशेबात जातो.

एका प्रशिक्षकाबरोबर सहसा चार-पाच खेळाडू असतात, कारण एकट्या खेळाडूसाठी प्रशिक्षकाचा प्रवास, राहणे, मानधन परवडणारी घरे थोडी. मग कोर्ट क्रमांक दोनवर एकीचा सामना आणि सातवर दुसरीचा, एकाच वेळी. प्रशिक्षक मध्ये उभा राहून दोन्हीकडे माना वळवतो. ज्या नियमाने त्याला बोलण्याची मुभा दिली, तिचा उपयोग अशा वेळी अर्धाच. आपण कोणत्या कोर्टजवळ उभे राहणार हे प्रशिक्षकाने आधीच मुलांना सांगितलेले बरे. नाहीतर ‘सर तिच्याच सामन्याला थांबले’ हा सल मुलांच्या मनात वर्षानुवर्षे राहतो.

एकेरीत हरलेल्या मुलीचा त्याच दिवशी दुहेरीचा सामना असू शकतो. दुहेरीचे गुण क्रमवारीत चौथ्या हिश्श्यानेच धरले जातात म्हणून अनेक पालक त्याकडे दुर्लक्ष करतात. ती चूक आहे. भारताचे जागतिक टेनिसमधील मोठे यश बहुतांशी दुहेरीतले आहे. महेश भूपती आणि पुण्याचा नितीन कीर्तने ही जोडी १९९२ मध्ये विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत अंतिम फेरीत होती. पुण्याच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासोबत हांगझो आशियाई स्पर्धेत ३० सप्टेंबर २०२३ रोजी मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले, तेही पहिला सेट २-६ असा गमावल्यानंतर. आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची प्रार्थना ठोंबरे सानिया मिर्झाबरोबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये दुहेरीत खेळली. रिहेतील मुलीला बार्शीचे उदाहरण मेलबर्न-पॅरिसपेक्षा जवळचे वाटेल.

हरल्यानंतर काय बोलायचे?

बहुतेक प्रशिक्षक लगेच काही बोलत नाहीत. मुलगी आधी रडून घेते, काही तरी खाते, मग वहीतील आकडे समोर येतात. पहिली सर्व्हिस किती आत पडली, परतीचे किती फटके कोर्टात राहिले, स्वतःच्या चुकांनी किती गुण गेले. भावनांचा गुंता आकड्यांनी थोडा सुटतो. ‘मी घाण खेळले’ या वाक्याच्या जागी ‘दुसऱ्या सर्व्हिसवर मी अकरापैकी तीनच गुण जिंकले’ असे वाक्य आले, की पुढच्या आठवड्याचे काम ठरते.

रॉजर फेडररने जून २०२४ मध्ये अमेरिकेतील डार्टमाउथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःचे आकडे सांगितले होते. कारकीर्दीत १,५२६ एकेरी सामने, त्यातील जवळपास ८० टक्के जिंकले. पण एकूण गुणांपैकी जिंकले फक्त ५४ टक्के. इतक्या महान खेळाडूनेही जवळपास प्रत्येक दुसरा गुण गमावला. गमावलेला गुण २५ सेकंदांत मागे टाकणे हे कौशल्य आहे आणि ते फोरहँडसारखेच सरावाने येते. त्यासाठी छोटे विधी शिकवले जातात : रॅकेट डाव्या हातात घेणे, गटीच्या तारा सरळ करणे, पाठ फिरवून मागच्या कुंपणापर्यंत चालत जाणे, मगच पुढच्या गुणाचा विचार.

आठवड्याच्या शेवटी मोठा प्रश्न उरतो, पुढची स्पर्धा कोणती? प्रवेशिका काही आठवडे आधी ऑनलाइन भरावी लागते, त्यामुळे निर्णय आजच्या पराभवाच्या झळीत घ्यायचा नसतो. सलग चार आठवडे गुणांमागे धावायचे की घरी परतून दोन महिने सर्व्हिस दुरुस्त करायची? क्रमवारीचा आकडा रोज मोबाइलवर दिसतो, दुरुस्त होणारी सर्व्हिस दिसत नाही. गुणांच्या शोधात कमी स्पर्धक असलेल्या दूरच्या देशात जाणाऱ्यांचीही संख्या मोठी आहे. नियमाने त्यात गैर काही नाही. पण पैसे असलेल्यांनाच ते जमते, आणि तेथे कमावलेली क्रमवारी वरच्या दर्जाच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात उघडी पडते. याबाबत पालकांना स्पष्ट सांगणारा प्रशिक्षक कधी कधी विद्यार्थी गमावतो.

पालकांनी काय विचारावे?

खर्चाचा विचार प्रथम. खालच्या दर्जाच्या स्पर्धांत प्रवास, राहणे, जेवण, गटिंग, प्रशिक्षकाचा वाटा हे बहुतेक सगळे स्वतःच्या खिशातून. त्यात मुळशीचा पाऊस. जून ते सप्टेंबर उघड्या कोर्टवर सलग सराव होत नाही आणि छप्पर असलेली कोर्ट मोजकी. म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा व्यायाम, भिंतीवरचा सराव आणि मिळेल तेव्हाच्या उघडिपीवर. फीचे महिने मोजताना हे लक्षात घ्यायला हवे.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आणि त्यात संकोच नको. बाहेरगावी राहण्याची व्यवस्था काय, मुलींसोबत महिला व्यवस्थापक किंवा एखादी आई आहे का, रोज घरी फोन कधी होणार, हे आधीच विचारावे. प्रशिक्षक आणि खेळाडू एका खोलीत राहणार नाहीत, ही बाब चर्चेची नाहीच. बालसंरक्षणासाठी आयटीएफचे स्वतंत्र धोरण आहे आणि स्पर्धेच्या ठिकाणी तक्रार करता येते.

तिसरा मुद्दा औषधांचा. ज्युनियर दौराही उत्तेजकविरोधी नियमांखाली येतो. सर्दी आणि दम्यावरील काही औषधांत बंदी असलेले किंवा मर्यादित प्रमाणातच चालणारे घटक असतात. गावातल्या दुकानातून घेतलेली गोळी किंवा व्यायामशाळेतल्या कोणी सुचवलेली पावडर, दोन्ही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

पुढे वाट कोठे जाते?

तीन-चार वाटा आहेत. मोजके जण ज्युनियर क्रमवारीतून थेट व्यावसायिक टेनिसकडे जातात. जागतिक ज्युनियर क्रमवारीत वर असलेल्यांसाठी आयटीएफच्या व्यावसायिक स्पर्धांत काही जागा राखीव असतात. पुण्याचा मानस धामणे १५ व्या वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये, वाइल्ड कार्डवर म्हाळुंगे-बालेवाडीच्या महाराष्ट्र ओपनमध्ये अमेरिकेच्या मायकल ममोविरुद्ध उतरला आणि २-६, ४-६ असा हरला. त्याआधीच तो इटलीत रिकार्डो पियाटी यांच्या अकादमीत सराव करत होता. ही एक वाट, महागडी आणि घरापासून लांबची.

दुसरी अमेरिकी विद्यापीठांची. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. शिक्षण आणि टेनिस दोन्ही तेथे जमते आणि ज्युनियर स्पर्धांतील निकाल विद्यापीठांचे प्रशिक्षक पाहतात. तिसरी देशातच राहून वाढण्याची. अहमदाबादची अंकिता रैना पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकायला आली आणि येथूनच भारताची अव्वल एकेरी खेळाडू झाली. वैष्णवी आडकरने जुलै २०२५ मध्ये जर्मनीतील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत महिला एकेरीचे कांस्यपदक मिळवले. आणि बहुसंख्यांची वाट चौथी : १८ व्या वर्षी ज्युनियर दौरा संपतो, पुढे पदवी, नोकरी, रविवारी क्लबात टेनिस. काही जण स्वतः प्रशिक्षक होतात.

रिहेतील मुलीची सुरुवात अर्थात जे-३० च्या कितीतरी आधीची. जन्मदाखल्यासह अखिल भारतीय टेनिस संघटनेकडे नोंदणी, मग १२ आणि १४ वर्षांखालील राज्य व राष्ट्रीय मानांकन स्पर्धा, तेथील गुण, मग आयटीएफची ऑनलाइन नोंदणी. त्याआधी एक दिवस मात्र सहज काढता येईल. ज्युनियर स्पर्धांना सहसा तिकीट नसते. पुण्यात स्पर्धा असेल त्या आठवड्यात, मुख्य ड्रॉच्या पहिल्या दिवशी सकाळी जावे. मध्यवर्ती कोर्टवर थांबू नये. सर्वांत कडेच्या, पंच नसलेल्या कोर्टच्या कुंपणापाशी मुलीला उभे करावे आणि दोन सेट पाहू द्यावेत.